बत्तू विहिरीत पडतो तेव्हा

मी शाळेत विज्ञान शिकवते, हे आधीच सांगून ठेवते. नारळातून कुंकू कसं निघतं, हळदीचं पाणी लाल कसं होतं, तळहातावर जळता कापूर का पोळत नाही, हे सगळं मी पोरांना करून दाखवलेलं आहे. तेव्हा पुढचं ऐकताना तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेने बघाल, ती नजर माझ्या ओळखीची आहे. खुशाल बघा. फक्त मध्ये बोलू नका, माझा धागा तुटतो.

त्या दिवशी मी निघाले होते कुलरचा वाळा घेऊन. मे अर्धा सरला तरी माझ्या धाकट्या बहिणीच्या, मेघाच्या, कुलरला गेल्या वर्षीच्याच वाळ्याच्या ताट्या होत्या. नागपुरात मे महिन्यात जुन्या ताट्या म्हणजे त्या घरात कुणाचं कशात लक्ष उरलेलं नाही, असं समजायचं. तिचा नवरा प्रेमानंद कळमेश्वरच्या एका कारखान्यात आहे. सकाळच्या बसने जातो, दिवेलागणीला येतो. त्याचा फोन आला होता.

"ताई, तुम्ही एक चक्कर मारा ना. ती जेवत नाही. दिवसभर त्या कम्प्युटरपुढं बसून राहते. मी काही म्हटलं का रडते."

"वाळा बदलायले येते म्हणून सांग तिले," मी म्हटलं. दुःखाच्या घरात रिकाम्या हाताने जाऊ नये, काही तरी काम घेऊन जावं. म्हणजे बोलायला विषय राहतो. मी ताट्या घेतल्या, डब्यात पोळ्या आणि आंब्याचा रस घेतला, आणि रिक्षात बसले.

पियुष त्यांचा एकुलता एक. गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला डेंग्यूने गेला. इंजिनिअरिंगला होता. उंच, किडकिडीत, खांद्यातून थोडा वाकलेला, आणि महाथट्टेखोर. शेवटचे दिवस आयसीयूत होता, आणि मेघा बाहेर जिन्यात बसून होती. आत सारखं कुणाला सोडत नाहीत, ते बरोबरच आहे. पण तो गेल्यावर तिथली एक सिस्टर चांगल्या मनाने तिला सांगून बसली की नळी घालायच्या आधी तो आई आई करत होता. मधल्या दाराची काच जाड. मेघाला काहीच ऐकू आलं नव्हतं.

आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्याकडे पिंड नाही, श्राद्ध नाही, भूतखेत नाही. पियुष गेल्यावर भंतेजी आले, वंदना झाली, सगळं अनित्य आहे हे सगळ्यांनी हात जोडून ऐकलं. मला त्या दिवशीही आमच्या रीतीचा अभिमान वाटला होता. नंतर कधीतरी मात्र वाटून गेलं, की शेजारच्या गोपिकाबाईंना घास ठेवून कावळ्याची वाट बघायची सोय तरी आहे. कावळा शिवला की त्यांच्या जिवाला वाटतं, गेलेला माणूस जेवला. मेघाजवळ तसं काही नव्हतं. तिच्याजवळ पियुषचा कम्प्युटर होता.

रिक्षावाल्याने जरीपटक्याच्या मागच्या गल्लीच्या तोंडाशीच सोडलं. बाहेरगावच्या माणसाला रात्रीची भीती वाटते. आम्ही नागपूरकर उन्हाळ्यात रात्री गच्चीवर गप्पा छाटत बसतो, रात्र आमची मैत्रीण. भीती असते ती दुपारची. दारं लावलेली, खिडक्यांना ओल्या चादरी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि घराघरांतून फक्त कुलरची घरघर. सगळी वस्ती जिवंत असून कुणी दिसत नाही. त्या उन्हातून मी ताट्या काखेत मारून चालत होते आणि मेघाच्या फाटकाशी आले, तेव्हा आतून गाणं ऐकू आलं.

गाणं कसलं, लहान मुलांच्या खेळण्यात असते तसली टुणटुण. मला उलट बरं वाटलं, घरात काही तरी वाजतंय. मग 'क्वॅक' असा आवाज झाला, काहीतरी घसरलं, आणि...

"आई..."

तो पियुषचा आवाज होता. ताट्या माझ्या हातातून सुटल्या.

लगेच आतून मेघा म्हणाली, "आली रे बाबू, आली." आणि टुणटुण पहिल्यापासून सुरू झाली.

मी ताट्या तशाच टाकून फाटकाला धरून उभी राहिले. पण मग डोकं चाललं, आणि मला स्वतःचाच राग आला. हा तर त्याचा खेळ. मी खेळलेला.

त्या खेळाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पियुष लहान असताना टीव्हीवर हिंदीत 'बत्तू' नावाचं कार्टून लागायचं. पिवळं गोल बदकाचं पिल्लू, पायात लाल बूट. पियुष त्याच्यापायी वेडा होता, त्याशिवाय भात खायचा नाही. मोठा झाल्यावरही वेड गेलं नाही, फक्त त्याला शिंगं फुटली. अशी पोरं जगभर आहेत म्हणे. लहानपणीची आवडती कार्टून घेतात, त्यांचे स्वतःच खेळ बनवतात, फुकट वाटतात. दिसायला बाळबोध आणि आतून भुताटकी. पियुष खेळ बांधायचा आणि लकडगंजातली मोनाली नावाची त्याची मैत्रीण चित्रं काढायची. खेळ साधा: बत्तू आईला शोधायला निघतो, उड्या मारत, विटांवरून, खड्ड्यांवरून, वाटेत संत्री गोळा करत. वर हसरा सूर्य. आपल्यासारखं माणूस म्हणतं, काय गोड आहे. मग हळूच सूर्य हसायचा थांबतो. संत्र्यांना डोळे येतात. शेवटी तळं लागतं, आणि तळ्यावर बत्तूची आई पाठमोरी बसलेली असते. जवळ गेलं की ती वळते. ती कशी वळते हे मी सांगणार नाही, माझा चहा सांडला होता. पियुष हसून हसून खाली बसला होता.

बत्तू मध्येच खड्ड्यात पडला की 'आई' म्हणून ओरडतो. ते ओरडणं पियुषने स्वतःच्याच आवाजात भरलं होतं, अंगावर गोधडी घेऊन, कुलर बंद ठेवायला लावून. मेघा तेव्हा चिडली होती. 'असं काहून ओरडतो अभद्रासारखा', म्हणाली होती.

दार उघडंच होतं. आत अंधार, जुन्या वाळ्याचा कुबट वास, आणि त्याखाली कुठेतरी आंबलेल्या भाताचा. पडद्याच्या उजेडात मेघा बसली होती. माझी बहीण चांगली अंगाने भरलेली बाई. त्या खुर्चीत तिचे कपडेच बसलेत असं वाटत होतं. तिने मान वळवली नाही. डाव्या हाताच्या बोटाने ती एकच बटण दाबून धरत होती. बत्तू हसऱ्या सूर्याखालून तुरुतुरु चालत जायचा, पहिल्याच कुरणात एक विहीर होती, आणि तो सरळ तिच्यात जायचा.

"आई..."

"आली रे बाबू, आली."

नवा बत्तू कुरणाच्या कडेला उभा राहायचा. पुन्हा तुरुतुरु.

"मेघा," मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हे काय करून राहिली वं?"

"ऐकून राहिली."

"अगं, त्याचे व्हिडीओ आहेत ना मोबाईलमध्ये. ढीगभर आहेत."

"त्यात तो मले हाक नाही मारत, ताई. त्यात तो दोस्तांशी बोलते, गाडी दाखवते. सगळं शोधलं मी. आई म्हणून एवढ्यातच म्हणते." तिने बटण दाबलं. "तिथं तो हाका मारत होता अन् मी जिन्यात बसून होती. आता प्रत्येक हाकेले ओ देते."

मी काय बोलणार होते, अनित्य आहे म्हणून? मी शिक्षिकेसारखी तोडगा काढायला गेले. म्हटलं, "मग पडू कशाला देते त्याले? उडी मारून पुढं ने ना."

"पुढं तळ्यावर ती दुसरी आई आहे." तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तिच्यापाशी नाही जाऊ देत मी त्याले."

मी स्वयंपाकघरात गेले आणि मोनालीला फोन लावला. माझा विचार असा, की त्या खेळातून नुसता आवाज काढून मेघाच्या मोबाईलवर घालून घ्यावा. ऐकायचा तेवढा ऐकेल, पण त्या खुर्चीतून तरी उठेल. हात भाताच्या पातेल्यात होते, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. मोनालीने सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, काकू त्याले कोणत्या विहिरीत पाडून राहिल्या?"

"पहिल्याच. काहून?"

"त्या विहिरीत एक चूक राहिली आहे." तिचा आवाज लहान झाला. "म्हणजे असं असते, का बत्तू पडला तर जुना मिटवायचा अन् नवा उभा करायचा. पियुषनं मिटवायचं लिहिलंच नाही. मी म्हटलं होतं त्याले. तो म्हणे, खाली कोण पाहायले जाते, राहू दे. विहिरीले बूडच नाही ना... जुना बत्तू खालीखालीच जात राहते."

"म्हणजे इतक्या दिवसांत पाडलेले..."

"खेळ चालू आहे तोवर सगळे खालीच आहेत. पडूनच राहिले आहेत. अन् आवाज ज्याचा त्याले लावलेला आहे, मावशी. तोही थांबत नाही. आपल्याले ऐकू येत नाही, कारण खोल गेला का बारीक होते." मग ती घाईने म्हणाली, "पण प्रोग्राम आहे तो. बंद केला का सगळे पुसल्या जातात. काकूले म्हणा, बंद करत जा."

"ती नाही बंद करत," मी म्हटलं. आणि मागे वळले तर मेघा दारात उभी होती.

ती रडली नाही. रडली असती तर मला कळलं असतं काय करायचं ते.

"मले वाटे एकच आहे," ती म्हणाली. "मी समजे का ओ दिली, त्याले पोहोचली. अन् खाली बाकीचे... त्यांले कोणीच ओ नाही देऊन राहिलं, ताई."

ती परत गेली आणि तिने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. मग स्पीकरला कान लावून बसली. मीही ऐकलं, उगाच कशाला खोटं बोलू. टुणटुण आता कर्कश झाली होती, आणि तिच्या तळाशी, कुलरच्या घरघरीत मिसळून, एक बारीक गुणगुण होती. वर्गात पोरं कुजबुजतात तेव्हा शब्द कळत नाहीत, पण पुष्कळजण आहेत हे कळतं. तसं.

"मेघा, बंद कर हे."

"नको."

"तो नाही वं तो. ते नुसतं यंत्र आहे."

"मग तुझे हात काहून कापून राहिले?" ती म्हणाली. आणि मग माझा पदर धरून, लहानपणी धरायची तसा, "नको ना ताई... एकदा गेला तो. आता बंद केलं तर सगळेच्या सगळे जातील."

मी तिचं ऐकलं नाही. मला माझी बहीण हवी होती. मी टेबलाखाली वाकले, कम्प्युटरच्या पेटीच्या मागे हात घातला आणि प्लग पकडला. तो ओढायच्या आत वीज गेली.

पडदा विझला. कुलरचं पातं फिरत फिरत थांबलं. शेजारचे कुलर थांबले, गल्लीतले थांबले. इन्व्हर्टर त्या घरात नव्हता, हे तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. इतकी शांतता मी नागपुरात मे महिन्यात कधी ऐकलेली नाही. मनात आलं, सुटलो. पुसले गेले सगळे. माझ्याकडून झालं नाही, विजेने केलं.

मी टेबलाखाली तशीच, गुडघ्यांवर. माझा कान पेटीला लागून होता. पत्रा अजून गरम होता.

"मावशी..."

ध्वनी कसा तयार होतो, हे मी पोरांना शिकवते. काहीतरी हलावं लागतं. त्या पेटीत काहीही हलत नव्हतं. आणि मावशी हा शब्द त्याने त्या खेळात कधीच भरला नव्हता.

"मावशी... आईले सांग ना... नको पाडू म्हणा. लागते मले."

तो ओरडत नव्हता. चौथीत सायकलवरून पडून आला, तेव्हा आईला कळू नये म्हणून माझ्या कानात असाच बोलला होता.

वर मेघा खुर्चीतून उठली. "ताई... तो बोलला ना? मले शब्द नाही समजले. काय म्हणते तो?"

मी टेबलाखालून तिचे पाय बघत होते. सुजलेले होते, बसून बसून. खरं सांगितलं असतं तर त्या पायांवर ती पुन्हा उभी राहिली नसती. आपण ओ देतो आहोत असं समजून ती इतके महिने आपल्याच लेकराला विहिरीत लोटत होती, हे कोणत्या आईला सांगता येतं? आणि नाही सांगितलं, तर वीज आल्यावर ती पुन्हा बटणावर बोट ठेवणार होती. मी जन्माची खोटं बोलायला कच्ची. पण त्या वेळी कुणी तरी तोंडात घातल्यासारखं आलं.

"जेवली का, म्हणते."

मेघाने खुर्चीची पाठ धरली.

"म्हणते, आई जेवत नाही तर मी खेळत नाही. आता तो खेळ ठेवून दे म्हणते. हाक पोहोचली त्याची तुले, अन् तुझी ओ पोहोचली त्याले."

ती तिथेच खाली बसली आणि रडली. पियुष गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने, नाक ओढत, पदर तोंडात कोंबून रडली. मी तिला धरून बसले. मग त्या अंधारात, घाम पुसत, मी डबा उघडला आणि माझ्या हाताने तिला रसपोळी भरवली. ती जेवली. अर्धी पोळी खाल्ली, मग अजून अर्धी. हात धुऊन म्हणाली, "सांग ना त्याले, जेवली म्हणून. तुझ्याशी बोलते तो."

ती मोरीपाशी होती. मी पुन्हा वाकले, गरम पत्र्याला तोंड लावलं आणि हळूच म्हटलं, "जेवली रे बाबू ती. आता नाही पाडणार कोणी तुले."

"बरं," तो म्हणाला.

मग त्याच्या थोडं खालून, "बरं." त्याच्या खालून अजून एक. मग अजून खालून, बारीक, पुन्हा. एकामागून एक, आत आत उतरत. मी सरकू शकले नाही. ते चालूच होतं, तेवढ्यात वीज आली, गल्लीतले कुलर घरघरायला लागले आणि बाकीचे त्यात बुडाले.

पेटी मी त्याच दिवशी माझ्या घरी आणली. प्रेमानंदला सांगितलं, दुरुस्तीला टाकते. तारा काढून टाकल्या आहेत, जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर ठेवली आहे. मेघा आता जेवते. वजन थोडं भरलं. रविवारी दुपारी माझ्याकडे येते, आम्ही दोघी कुरड्या घालतो, पियुषबद्दल बोलतो, कधी हसतोसुद्धा.

बाकीच्या दिवशी दुपारी मी घरात एकटी असते. कुलर बंद करते आणि माळ्याखाली उभी राहते. त्यांच्यातल्या कुणाला माझं उत्तर पोहोचायचं राहिलं असेल, तर त्याचं ऐकून घ्यावं म्हणून. 'बरं' अजून येतं. रोज जरा खालून. पण परवापासून मला एक गोष्ट जाणवते आहे, आणि ती मी आजवर कुणाला बोलले नाही. जसजसं खालून येतं तसतसा तो लहान होत चालला आहे. परवाचा आवाज दहावीतल्या पोराचा होता. कालचा फुटलेलाच नव्हता, 'र' नीट येत नव्हता.

विहिरीला बूड नाही, मोनाली म्हणाली होती. पण लहान होण्याला असतं ना. उद्या-परवा असा कुणीतरी येईल, ज्याला बरं म्हणताच येणार नाही. तो नुसता रडेल, तान्ह्या बाळासारखा. मी गॅसवर कुकर लावीन, टीव्ही मोठा करीन. पण उद्या रविवार आहे, आणि ते रडणं मेघा कुठूनही ओळखेल.